पोहता न येणाऱ्यांचा समुद्र

मालवणच्या धक्क्यापासून तारकर्ली-देवबागेपर्यंत समुद्राचा तळ दाखविणाऱ्या होड्यांचे जे फलक ठिकठिकाणी लागलेले असतात, त्यांवर दराच्या आकड्याखाली बहुधा एक आश्वासन आढळते : ‘पोहता येण्याची आवश्यकता नाही.’ फलक लिहिणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. तो व्यापारी आहे. गिऱ्हाइकाची नाडी पाहून त्याने हे वाक्य लिहिले आहे, आणि नाडीपरीक्षेत तो चुकलेला नाही. आमचे भांडण आहे ते ज्याच्यासाठी हे वाक्य लिहावे लागले त्या गिऱ्हाइकाशी. हे गिऱ्हाईक कोणी परके नव्हे. ते पुण्याचे प्राध्यापक आहेत, ठाण्याचे बँकेतील अधिकारी आहेत, कोल्हापूरचे डॉक्टर आहेत, नागपूरच्या शिक्षिका आहेत. हे मासिक ज्या घरांत वाचले जाते त्या घरांतील ही मंडळी आहेत. सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लाभलेल्या प्रांतातील सुशिक्षित वर्गास पाण्यात उतरण्यापूर्वी ‘तुम्हाला काही येत नसले तरी चालेल’ अशी हमी द्यावी लागते, आणि ती वाचून त्याला संकोच वाटण्याऐवजी हायसे वाटते, ही गोष्ट आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. या एका अज्ञानापायी समुद्राचे, समुद्रावर जगणाऱ्यांचे आणि या वर्गाचे स्वतःचे किती नुकसान होत आहे, एवढेच आम्हाला येथे दाखवावयाचे आहे.

सहल कशी होते ते प्रथम पाहू. पावसाळा सरल्यापासून मे महिना संपेपर्यंतच्या कोणत्याही सुटीत मंडळी रात्रभर मोटार हाकून मालवणात येतात. सकाळी धक्क्यावरून होडी निघते. सिंधुदुर्गात तासाभराची धावती फेरी होते. मग किल्ल्याजवळच्या खडकाळ, उथळ पाण्यात होडी नांगर टाकते. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढविले जाते, डोळ्यांवर काचेचा मुखवटा बसविला जातो, दातांत स्नॉर्कलची नळी दिली जाते, आणि एकेकास रबरी कड्याला धरवून पाण्यात सोडण्यात येते. कडे ओढण्यास गावचाच एखादा तरुण पाण्यात असतो. दहा-पंधरा मिनिटे हे दर्शन चालते. त्यांपैकी निम्मा वेळ नळीतून श्वास घेण्याच्या धडपडीत जातो, काही वेळ पाण्याखाली छायाचित्र काढवून घेण्यात जातो, आणि उरलेल्या क्षणांत पावाचा तुकडा टाकून गोळा केलेले मासे पाहावयाचे. त्यानंतर केळ्याच्या आकाराच्या रबरी फुग्यावर बसून भरधाव ओढले जाण्याची मौज. दुपारी सुरमईचे ताट. आणि संध्याकाळी परतीचा घाट. घरी पोचल्यावर शेजाऱ्यांस सांगितले जाते की आम्ही समुद्राच्या पोटात शिरून आलो.

ज्या पाण्यात हे घडते ते पाणी कोणते, हे यांपैकी कितीजणांस ठाऊक असते? शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला, हे शाळेत शिकविले जाते, म्हणून ठाऊक असते. त्याच किल्ल्याच्या आणि शेजारच्या पद्मगडाच्या भोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि त्यांतील तीन चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक भाग गाभ्याचा मानलेला आहे, हे कोणी शिकवीत नाही, म्हणून ठाऊक नसते. आणि या अभयारण्यात ज्यांचे अभय अपेक्षित आहे त्या प्रवाळांविषयी तर बहुतेकांच्या मनात अंगठीतील पोवळ्यापलीकडे कसलीही कल्पना नसते.

मालवणचे प्रवाळ चित्रांतल्यासारखे फांद्याफांद्यांचे आणि भडक रंगांचे नाहीत. ते बहुतांशी गोट्यासारखे, ताटासारखे, खडकाला चिकटून पापुद्र्याप्रमाणे पसरणारे असतात. त्यामुळे नवख्या माणसास ते दगडच वाटतात. वस्तुतः ती असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. प्रत्येक प्राणी आपल्यापुरते चुन्याचे घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीस असते; ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानास पुरविते आणि त्या बदल्यात आसरा मिळविते. गोट्यासारख्या जातींची वाढ वर्षाकाठी सुमारे एक सेंटिमीटर होते. म्हणजे गुडघाभर उंचीचा एखादा ‘दगड’ पाण्याखाली दिसला तर त्याचे वय त्यावर पाय ठेवणाऱ्या गृहस्थाच्या वयाइतके असणे सहज संभवते. दर पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडे पाणी या किनाऱ्यावर येऊन ओतते; प्रवाळाला दोन्ही अपायकारक; तरीही येथील प्रवाळ तग धरून आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून प्रवाळांचा समावेश आहे. त्याच अनुसूचीत वाघ आहे. वाघाच्या पाठीवर उभे राहून छायाचित्र काढवून घेण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करणार नाही. प्रवाळाच्या पाठीवर उभे राहण्याचे धाडस मात्र प्रत्येक सुटीत शेकडो लोक करतात, कारण प्रवाळ डरकाळी फोडीत नाही.

हे सर्व दुष्टपणाने होते असे आमचे म्हणणे नाही. आमचा मुद्दा नेमका येथेच आहे. ज्यास पोहता येते तो पाण्यावर आडवा पडतो, पाणी आपणास उचलून धरील हा विश्वास त्याच्या अंगात मुरलेला असतो, आणि त्याचे पाय तळापासून दूर राहतात. ज्यास पोहता येत नाही त्याचे शरीर भयाने उभे होते, आणि उभ्या शरीराचे पाय आपोआप जमीन शोधू लागतात. नळीत चमचाभर खारे पाणी शिरले की तो गुदमरतो, हातपाय झाडतो, आणि पायाला जे पहिले कठीण लागेल त्यावर भार टाकून उभा राहतो. ते कठीण म्हणजे प्रवाळ. त्या वेळी ‘कृपा करून पाय टेकू नका’ असे त्याला सांगणे म्हणजे बुडणाऱ्यास काडी सोडावयास सांगण्यासारखेच आहे. तो ऐकणार नाही, आणि त्याने ऐकावे अशी अपेक्षाही न्यायाची नाही. त्याच्या पायांनी ढवळलेली वाळू पुन्हा खाली बसते ती प्रवाळावरच बसते, आणि ज्या प्रकाशावर त्या प्राण्याचे अन्न अवलंबून आहे तो प्रकाश अडविते. होडीचा नांगरही जेथे भीतीग्रस्त प्रवाशास कमीत कमी अंतर जावे लागेल तेथे, म्हणजे खडकाच्या अगदी जवळ, टाकावा लागतो. एवंच पाय काय आणि नांगर काय, दोहोंचे मूळ एकच : पाण्यात उतरणाऱ्यास पाणी येत नाही. ज्यांनी येथील प्रवाळांची वर्षानुवर्षे पाहणी केली आहे त्या संशोधकांनीही पर्यटकांच्या व होड्यांच्या वर्दळीने होणाऱ्या मोडतोडीची तक्रार नोंदविलेली आहे. हा आमच्या कल्पनेचा खेळ नव्हे.

पावाच्या तुकड्याचीही हीच कथा. जो स्वस्थपणे पाण्यावर तरंगू शकतो त्याला मासे बोलावण्याची गरज पडत नाही. तो काही वेळ निश्चल राहिला की खडकाच्या फटींतून, शैवालाच्या आडून एकेक जीव आपोआप बाहेर येतो. ज्याच्याजवळ दहाच मिनिटे आहेत आणि त्यांतली पाच घाबरण्यात गेली आहेत, त्याच्यासाठी मात्र मासे हजर करावे लागतात. मग पाव येतो, आणि पावावर पिवळ्या अंगाचे, काळ्या पट्ट्यांचे धीट मासे झुंडीने धावतात. पाहणाऱ्यास वाटते, काय हे वैभव! वस्तुतः त्याने समुद्र पाहिलेला नसतो. देवळाच्या तळ्यात कुरमुरे टाकून मासे पाहावेत तसे काही पाहिलेले असते. एकाच धीट जातीला आयते अन्न घालून तिची गर्दी वाढवावयाची, आणि तिच्या गर्दीत भित्र्या जातींनी मागे हटावयाचे, हा कोणत्याही जंगलात निषिद्ध मानलेला प्रकार येथे करमणूक म्हणून विकला जातो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की प्रवाळांचा खरा शत्रू तापणारा समुद्र आहे; चार पर्यटकांच्या पायांनी काय होणार? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. पाणी मर्यादेबाहेर तापले म्हणजे प्रवाळाच्या अंगातील शैवाल निघून जाते आणि तो पांढरा पडतो. ताप लांबला तर मरतो. २०१५-१६ च्या सुमारास जगभर ही आपत्ती आली तेव्हा मालवणचे प्रवाळही तिच्यातून सुटले नाहीत. परंतु यावरून निष्कर्ष उलटा निघतो. ज्या घरात माणूस तापाने फणफणला आहे त्या घरात पाहुण्यांनी त्याच्या छातीवर बसू नये, हे सांगण्यास वैद्य लागत नाही. समुद्राचे तापमान उतरविणे एकट्या मालवणच्या किंवा एकट्या महाराष्ट्राच्या हाती नाही. पाय आवरणे मात्र ज्याच्या त्याच्या हाती आहे. जे आपल्या आवाक्याबाहेर आहे त्याचे नाव पुढे करून जे आवाक्यात आहे ते टाळावयाचे, ही आळसाची जुनी युक्ती आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘अहो, या सहलींवर गावाचे पोट चालते; तुमच्या उपदेशाने त्यांच्या चुली विझतील.’ गावाच्या चुलीविषयी कळवळा व्यक्त करणाऱ्यांनी ती चूल कशी पेटते हे थोडे जवळून पाहावे. मालवणच्या किनाऱ्यावरील गाबीत समाज पिढ्यानपिढ्या रापण ओढीत आला. रापण म्हणजे किनाऱ्यालगत समुद्राला घातलेला वेढा. एका होडीने जाळे अर्धवर्तुळात सोडावयाचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून कित्येक माणसांनी मिळून ओढावयाचे, आणि आलेल्या माशांची ठरलेल्या रीतीने वाटणी करावयाची. मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी खोल पाण्यातच मासळी उचलली जाऊ लागली तशी रापणीच्या वाट्याला येणारी मासळी आटली, आणि रापणकरांची मुले पर्यटकांच्या होड्यांकडे वळली. १९८७ साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हा आपल्या जाळ्यांवर बंदी येईल या भयाने याच लोकांनी विरोध केला होता. त्यांच्या जाळ्यांची चर्चा दशकानुदशके चालली. सहलीच्या नांगरांची आणि पायांची मात्र कोणी चर्चा करीत नाही, कारण ते पाय आपले आहेत.

आणि या नव्या धंद्यात आपण त्या तरुणास काय काम देतो? ज्याच्या आजोबांना पाण्याच्या रंगावरून खालचा तळ कळत असे, वाऱ्याच्या वळणावरून दुपारचा समुद्र कळत असे, त्याला आपण रबरी कडे ओढणारा हमाल केले आहे. तो दिवसभर भेदरलेली माणसे इकडून तिकडे ओढीत असतो. खडकावरच्या त्या शैवालाचे नाव काय, कोणता मासा कोणत्या महिन्यात अंडी घालतो, ओहोटीच्या वेळी कोणत्या खाचेतून ओढ लागते, हे त्याला कोणी विचारीत नाही, आणि विचारण्यास पाहुण्याच्या तोंडातली नळी मोकळी नसते. हेच पाहुणे पोहणारे असते तर एक वाटाड्या चौघांना घेऊन तासभर फिरू शकला असता. फेऱ्या कमी झाल्या असत्या, नांगर कमी पडले असते, आणि ओढण्याच्या मजुरीऐवजी ज्ञानाचा मोबदला मागण्याचा अधिकार त्याला प्राप्त झाला असता. याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत स्वामिनी या बचत गटातील स्त्रिया स्वतः होडी वल्हवून कांदळवनाची सफर घडवितात. तेथे झाडांची, पक्ष्यांची ओळख करून देणे हाच सहलीचा विषय असतो. कमी वेग, थोडी माणसे आणि पुष्कळ माहिती, यांवरही लोकांचे संसार चालू शकतात, असे त्या स्त्रियांनी दाखविले आहे. तेव्हा गावाचे पोट पुढे करून आपले अज्ञान झाकण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सोयीचा : ‘लाइफ जॅकेट असते ना!’ लाइफ जॅकेट होडीत असलेच पाहिजे, पोहणाऱ्यानेही घातलेच पाहिजे, आणि ते न देणाऱ्या होडीत पाय ठेवता कामा नये. याविषयी वाद नाही. परंतु जॅकेट हे ज्ञानाला पर्याय नव्हे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ समुद्रतळ पाहून परतणारी होडी किनारा दिसत असताना उलटली आणि दोन पर्यटक प्राणास मुकले. त्यापूर्वी १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी डझनाहून अधिक तरुण-तरुणी बुडून मरण पावल्या. त्या वेळी तर होडीही नव्हती. साधा किनारा होता. महाविद्यालयापर्यंत पोचलेली मुले! त्यांना काय काय शिकविले गेले असेल याची यादी केली तर पानेच्या पाने भरतील. पण फुटलेल्या लाटांचे पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने आत परतत असते. त्या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडे सरळ धडपडू लागला तर थकून बुडतो, आणि स्वस्थ तरंगत राहून किनाऱ्याला समांतर सरकला तर बहुधा वाचतो, ही दोन वाक्ये आपल्या शिक्षणक्रमात कोठे आहेत? समुद्रावर अपघात झाला की वर्तमानपत्रे ‘उत्साह नडला’ असे छापून मोकळी होतात. उत्साह हा तरुणांचा धर्मच आहे; नडते ते वडिलधाऱ्यांनी न दिलेले शिक्षण.

हे शिक्षण का दिले गेले नाही, याचे कारण शोधू गेल्यास ते बरेच मागे सापडते. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रगमनाची गणना पातकांत केलेली आहे, आणि पुढे समुद्रयात्रा कलिवर्ज्यांच्या यादीत जाऊन बसली. ज्या वर्गाने लेखणी आपल्या हाती ठेवली त्याने समुद्र दुसऱ्यांच्या हाती सोडून दिला. आरमार उभारले छत्रपतींनी. ते चालविले गाबीत, कोळी, भंडारी खलाशांनी. आणि १७५६ साली विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांनी जाळले तेव्हा पुण्याचे दरबारी इंग्रजांच्या बाजूस होते. घाटावरून समुद्राकडे पाहण्याची ही दृष्टी अद्याप सरलेली नाही. समुद्रयात्रेचे प्रायश्चित्त आता कोणी घेत नाही, हे खरे. पण तिच्याविषयीचे भय मात्र अंगात तसेच आहे. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात बोटीतून उडी घेतली, तिची व्याख्याने आपल्याकडे पिढ्यानपिढ्या झाली. त्या उडीचे गुणगान करणाऱ्या किती घरांनी आपल्या मुलांना पोहावयास शिकविले? उडीस लागणारे धैर्य सर्वांच्या ठायी असेल असे आम्ही म्हणत नाही. पण उडीनंतर लागणारी विद्या तर कोणासही शिकता येते!

पूर्वी खेड्यापाड्यांत ही विद्या फुकट मिळत असे. विहीर होती, नदीचा डोह होता, पाठीला बांधावयास वाळलेला भोपळा होता, आणि मागून ढकलून देणारा काका किंवा मामा होता. शहरात आल्यावर विहीर बुजली, नदीचे पाणी पाय बुडविण्याजोगे राहिले नाही, आणि मामा नोकरीत अडकला. ही अडचण आम्ही नाकारीत नाही. परंतु पुण्यात टिळक तलाव आहे, दादरला महात्मा गांधी जलतरण तलाव आहे, आणि बहुतेक मोठ्या शहरांत एखाददुसरा सार्वजनिक तलाव आहेच. मुलाला चार विषयांच्या चार शिकवण्या लावताना पालकांना अंतर, वेळ आणि पैसा यांची अडचण भासत नाही. पोहण्याचे नाव काढताच मात्र तिन्ही एकदम आठवतात.

मुलींच्या बाबतीत तर यापेक्षाही कठोर बोलणे प्राप्त आहे. किल्ल्याजवळ नांगर टाकून उभ्या असलेल्या कोणत्याही होडीकडे पाहावे. पुरुष आणि मुले पाण्यात असतात. होडीच्या फळीवर सर्वांचे चष्मे, घड्याळे, भ्रमणध्वनी आणि टॉवेल मांडीवर घेऊन एक-दोन स्त्रिया बसलेल्या असतात. ‘तू ये ना’ असे पाण्यातून कोणीतरी म्हणते; ‘नको, मी इथेच बरी’ असे त्या हसून म्हणतात; आणि तेथे तो विषय संपतो. त्या हसण्यामागे आवड-नावड नसते. मुलगी वयात येताच तिचे पाणी तोडले गेले, भावाला विहिरीत ढकलणाऱ्या मामाने तिला काठावर बसविले, आणि पोहण्याचा पोशाख हा घराण्याच्या अब्रूचा प्रश्न झाला. अपघात झाला म्हणजे पाणी स्त्री-पुरुष भेद पाहत नाही. शिकविताना आपण तो पाहतो. ज्या वर्गाला आपल्या स्त्रीशिक्षणाचा एवढा अभिमान आहे त्याने तरी मुलीला पदवी देण्यापूर्वी तरंगावयास शिकवावे, ही मागणी फार मोठी आहे काय?

जे पाण्यात तेच पानात. पाहुणा जसा पाण्यात काही न शिकता उतरतो तसाच तो पानावर काही न विचारता बसतो. त्याला सुरमई पाहिजे, नाहीतर पापलेट पाहिजे. बाराही महिने पाहिजे आणि ताजे पाहिजे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई आहे का?’ असे विचारणारा सुशिक्षित मनुष्य समुद्राविषयी आपण काय जाणतो याचे प्रमाणपत्रच देत असतो. २०२३ साली पापलेटाला महाराष्ट्राने राज्यमाशाचा मान दिला, तो त्याची घटती पैदास सावरावी म्हणून. आणि आपण मात्र तळहाताएवढे पिल्लू तळून आणावयास सांगतो. बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले, पेडव्यांचे सुके, तारली, तिसऱ्या, मोरीचे मटण, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. शाकाहारी माणसासाठी घावणे, आंबोळी, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे : एवढे वैभव त्या स्वयंपाकघरांत असताना घरोघरी एकच ताट वाढावे लागते, कारण पाहुण्यास तेवढेच नाव पाठ असते. आज होडीने जे आणले ते खाईन, असे म्हणणारा पाहुणा आला तर रापणकराच्या बांगड्यालाही भाव येईल आणि सुरमईच्या पिल्लांनाही वाढावयास अवधी मिळेल. ज्याने समुद्र ओळखला आहे त्यालाच हे वाक्य सुचते.

तर मग करावयाचे काय? सहली बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. किनाऱ्यावर न गेल्याने किनाऱ्याचे प्रेम उत्पन्न होत नाही. आपला वर्ग शतकानुशतके किनाऱ्यावर गेला नाही त्याचे फळ आपण पाहतोच आहोत. आम्ही क्रम बदलावयास सांगतो : आधी तलाव, मग समुद्र. आइसलंडसारख्या, बर्फाळ पाण्याने वेढलेल्या देशात मासेमार पोहता न आल्यामुळे बुडत, म्हणून तेथे १९४० पासून शाळांत पोहणे सक्तीने शिकविले जाऊ लागले. आपले पाणी वर्षभर उबदार आहे, आणि आपल्या शाळांत चित्रकलेच्या परीक्षा होतात, स्काउटाच्या परीक्षा होतात. पंचवीस मीटर पोहण्याची आणि पाच मिनिटे तरंगण्याची परीक्षा कोठे होत नाही. शाळांनी ती सुरू करावी. तलाव नसेल तेथे जवळच्या गावाच्या तलावाशी करार करावा. शैक्षणिक सहल समुद्रावर नेणाऱ्या संस्थेने ही परीक्षा न दिलेल्या मुलास पाण्यात सोडू नये. आणि ज्यांचे शाळेचे वय सरले त्यांनी वयाची सबब सांगू नये. मालवणच्याच चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा भरतात; त्यांत लहान मुलांबरोबर केस पिकलेले स्त्री-पुरुषही लाटा कापीत जाताना दिसतात. पाण्याला वयाचा दाखला लागत नाही.

तोपर्यंत, म्हणजे स्वतःस पोहता येईपर्यंत, ज्यांना मालवणला जावयाचेच असेल त्यांनी एवढे तरी पाळावे. प्रवाळाच्या खडकांवर उतरू नये. वाळूच्या तळावर, कंबरभर पाण्यात, वाटाड्याच्या देखत नळीतून श्वास घेण्याचा सराव करावा आणि तेवढ्यावर समाधान मानावे. पाव, बिस्किटे होडीत नेऊ नयेत, आणि होडीवाल्याने टाकली तर नको म्हणावे. गिऱ्हाइकाने ‘नको’ म्हटलेली गोष्ट कोणताही व्यापारी फार दिवस विकीत नाही. भाव पाडण्यासाठी घासाघीस करण्याऐवजी थोडे अधिक पैसे देऊन थोड्या माणसांची होडी घ्यावी. वाटाड्यास त्याचे नाव विचारावे, माशांची नावे विचारावीत. तो जी मालवणी नावे सांगेल ती मुलांकडून वहीत लिहून घ्यावीत. यांत कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही, समिती लागत नाही.

सरकारने नियम कडक करावेत, होड्यांची तपासणी व्हावी, नांगर टाकण्यासाठी तरते ठोकळे कायमचे बांधून ठेवावेत, अभयारण्याची हद्द पाण्यावर दिसेल अशी आखावी, या मागण्या योग्यच आहेत, आणि त्या करणाऱ्यांच्या पाठीशी आम्ही आहोत. परंतु कोणताही नियम भ्यालेल्या माणसाच्या पायांना लागू पडत नाही. ते पाय वर उचलावयास शिकविणारा नियम फक्त घरात करता येतो. येत्या उन्हाळ्याच्या सुटीसाठी मालवणच्या खोलीचे पैसे आगाऊ भरण्याच्या विचारात जे गृहस्थ असतील, त्यांनी त्यापूर्वी आपल्या गावच्या तलावावर जाऊन दोन अर्ज आणावेत : एक मुलीसाठी, आणि दुसरा तिच्या आईसाठी. तिसरा स्वतःसाठी आणला तर उत्तमच. सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षे पाण्यात उभा आहे. आणखी एक वर्ष तो तुमची वाट पाहील.